नेबर शब्दाचं गाव

आमच्याकडे अनोळखी माणूस ओटीवर येऊन टेकला, की आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि मग विचारतात, "गाव कंचं?" गाव कळलं की घर विचारतात. कुणाचा जावई, कुणाचा भाचा, हे निघालं की मग चहा टाकायचा की नुसत्या पाण्यावर भागवायचं ते ठरतं. गोविंद मास्तर हीच चौकशी इंग्रजी शब्दांची करायचे. एखादा शब्द भेटला की त्याचं गाव कुठलं, तो कुणाच्या घरातला, वाटेत कुठे कुठे वस्ती करून इथवर आला, हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

मास्तर शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत. शहापूर आणि शेणव्याच्या मधल्या आमच्या वाडीतून रोज चालत जायचे, वहाणा हातात धरून. शाळेच्या फाटकाशी पाय धुवायचे आणि मग त्या घालायचे. धोतरावर काळा कोट, कानावर खडूचा तुकडा. तो खडू घरी येईपर्यंत कानावरच असायचा आणि आंघोळीला बसले की त्यांच्या लक्षात यायचा.

मी लग्न होऊन मुरबाडहून या घरात आले तेव्हा घरात बाईमाणूस नव्हतं. सासूबाई आधीच गेलेल्या. बांधापलीकडे मास्तरांचं घर, तिथेही तेच. मास्तरीणबाई बाळंतपणात गेल्या होत्या, मागे एक मुलगा, मधू. मामंजी आणि मास्तर, दोन विधुर म्हातारे होत चाललेले, बांधाच्या दोन बाजूंनी एकमेकांचा संसार सांभाळत होते. मी आल्यावर विरजण लावायला, पोराला जेवू घालायला एक माणूस मिळालं, एवढाच काय तो फरक. मधू दोन्ही चुलींवर वाढला. भाकरी आमच्याकडे खायचा आणि मार त्याच्या बापाकडे.

मी चौथी शिकलेली. मास्तरांना ते कळलं तेव्हा त्यांनी माझीही सुटका केली नाही. मी भांडी घासत असले तरी बांधावरून हाक यायची, "सूनबाई, आजचा शब्द." एकदा म्हणाले, "विंडो. खिडकी. ह्याचं गाव लांबचं हाय, थंडीतल्या मुलखातलं. मूळ अर्थ, वाऱ्याचा डोळा."

मामंजी कोयत्याला धार लावत होते. ते म्हणाले, "म्हनून तर आमी खिडकी नाय ठेवली. डोल्यात धूर गेला असता."

मास्तरांकडे एक जाडजूड शब्दकोश होता, कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेला. पहिली पानं वाळवीने खाल्लेली. त्यामुळे ए, बी आणि सी या अक्षरांच्या शब्दांची मास्तरांकडे काहीच दाद लागत नसे. पोरं नेमकी ॲपल, बॉय आणि कॅटपासून सुरुवात करतात. कुणी विचारलं तर मास्तर न लाजता सांगायचे, "ह्यांची गावं वाळवीनं नेली रे. डॉगपासून विचारा."

बरोबर उत्तर दिलं तरी ते शाबास म्हणत नसत. डावा डोळा किंचित मिटून एकदाच मान हलवायचे. त्या एका मानेसाठी पोरं मर मर मरायची. मीही मरायचे, खोटं कशाला सांगू.

त्यांच्या कोटाची गोष्ट अजून शहापुरात सांगतात. जुना कोट फाटला तेव्हा तो त्यांनी शेतातल्या बुजगावण्याला चढवला. शाळा तपासायला आलेले दिपोटीसाहेब आमच्या वाटेने छकड्यातून चालले होते. त्यांना लांबून कोट ओळखीचा वाटला. त्यांनी हाक मारली, "काय मास्तर, आज शेतात?" उत्तर नाही. साहेबांनी पुन्हा हाक मारली आणि मग रागावून निघून गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्यांनी जाब विचारला. मास्तर म्हणाले, "साहेब, कोट माझाच होता, आत मी नव्हतो. तरी त्याच्या वतीनं माफी मागतो." साहेब हसले आणि प्रकरण मिटलं. आम्हीही किती वर्षं हसत होतो. त्या कोटाची आठवण पुढे मला हसायला लावणार नाही, हे तेव्हा कुणाला माहीत.

आता बांधाचं सांगते. आमच्या दोन घरांच्या खाचरांमधे एक रुंद बांध होता आणि त्यावर ऐनाची मोठी झाडं ओळीने उभी होती. आमच्या भागात ऐनाशिवाय भात नाही. पावसाआधी रोपाच्या वाफ्यावर शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या तोडलेल्या डहाळ्या, त्यावर पेंढा, वरून माती, आणि ते सगळं पेटवून द्यायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. राब चांगला भाजला तर तण मरतं, माती मऊ होते आणि रोप काळंभोर उठतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी कशाची करणार? म्हणून डहाळ्यांना, म्हणजे आमच्या बोलीत टहाळाला, आम्ही जपतो. झाडावर चढायचं, फांद्या उतरवायच्या, पण शेंडा राखायचा. शेंडा तोडणाऱ्याला आमच्याकडे कुणी पोरगी देत नाही, असं मामंजी म्हणायचे.

बांधावरचे ऐन दोन्ही घरांचे होते. एक वर्ष टहाळ आमचा, एक वर्ष त्यांचा. मामंजींच्या आज्यापासून चालत आलेलं. कुणी लिहिलं नव्हतं, कुणी साक्षीला नव्हतं. ज्याचं वर्ष नसे तो रानातून पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करायचा, दुसऱ्या लांबच्या झाडांवर भागवायचा, पण बांधाकडे वर मान करून बघत नसे.

राब भाजायच्या दिवशी दोन्ही घरं एकत्र असत. वाऱ्याकडे लक्ष ठेवायला माणसं लागतात. असंच एका वर्षी आम्ही सगळे वाफ्याभोवती उभे होतो, हातात ओल्या फांद्या घेऊन. मास्तर धुरात डोळे पुसत म्हणाले, "सूनबाई, आज शब्द, नेबर."

"शेजारी," मी म्हटलं. हा मला येत होता.

"अर्थ नको, गाव सांग." मग तेच सांगू लागले. हा शब्द दोन तुकड्यांचा. पहिल्याचा अर्थ जवळ. दुसरा जुन्या इंग्रजीतला, त्याचा अर्थ जमीन कसून राहणारा माणूस. जवळचा कसणारा. इंग्रज जेव्हा आपल्यासारखे शेतात राबत होते, तेव्हाचा हा शब्द. ज्याच्या नांगराचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो नेबर. पुढे ते शहरात गेले, भिंतीला भिंत लावून राहू लागले, तरी शब्द तोच राहिला. आतला शेतकरी मात्र विसरले. "त्याच घरातला दुसरा पोरगा बूर. त्याचं पान वाळवीनं नेलं, पन नेबरच्या पानावर त्याचं नाव हाय. त्याचा अर्थ अडाणी, गावंढळ. एकाच आईची दोन पोरं. एकाला घरात घेतलं, दुसऱ्याला शिवी केली."

मामंजी ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे मास्तर, मी इंग्रजीत हाय?"

"हायस ना दादा. हजार वरसं हायस."

"मंग तिकडनं बघ की, शेतसारा कमी करतात काय."

मास्तर खूप हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मस्करी नको. त्या लोकांकडं नुसता शब्द उरला. आपल्याकडं माणूस हाय." आणि त्यांनी मामंजींच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला राख होती. मामंजींच्या उघड्या खांद्यावर पंजा उठला. तो मी पाहिला आहे.

हे बोलणं पोकळ नव्हतं. पुढच्याच वर्षी ऐन चिखलणीत आमच्या बैलाचा पाय मोडला. एक बैल घेऊन चिखल कसा करणार? मामंजी डोक्याला हात लावून बसले. उजाडायच्या सुमाराला बांधावरून बैलाच्या घुंगरांचा आवाज आला. मास्तर आपला बैल ओढत आणत होते. स्वतःचं अर्धं खाचर तसंच सोडून. शाळेचं धोतर वर खोचलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल. मामंजींनी विचारलं, "तुझा काय होईल रे?" ते म्हणाले, "माझा उद्या होईल. पाऊस काय पळून जात नाय." त्या दिवशी ते शाळेत उशिरा पोचले आणि बोलणी खाल्ली. मास्तरांसारखा माणूस नाही, असं मी मुरबाडला माहेरी जाऊन सांगितलं. आई म्हणाली, असा शेजार पुण्याईने मिळतो.

मग लढाई आली. लढाई आमच्यापर्यंत कोळशाच्या रूपाने पोचली. पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींना मागे टाकी बसवून कोळशाच्या धुरावर चालवायला लागले. मुरबाड-कल्याण मोटार चढणीला दमायची, उतारूंना खाली उतरवायची, आणि ड्रायव्हर टाकीत कोळसा ओतायचा. शहरांनाही कोळसा हवा. रानोमाळ भट्ट्या लागल्या. काल ज्या झाडाकडे कुणी बघत नव्हतं त्याला मागणी आली. कोळशाचा एक शेठ शहापुरात डेपो टाकून बसला, आणि ज्याच्या बांधावर, परड्यात ऐन-किंजळ असेल त्याच्या ओटीवर त्याची माणसं जाऊन चहा पिऊ लागली.

आमच्याकडेही आली होती. मामंजींनी पाणी दिलं, गाव विचारलं आणि चहा न देता वाटेला लावलं.

मधू तेव्हा हाताशी आला होता. मॅट्रिकला दोनदा आपटला. मास्तरांचा मुलगा इंग्रजीत नापास, यावरून लोक जे बोलायचे ते बोलायचे. मास्तरांचा चेहरा त्या काळात उतरला होता. "आजचा शब्द" बंद झाला. मी एकदा स्वतःहून विचारलं तर म्हणाले, "शब्दांनी पोट भरत नाय, सूनबाई." मला वाईट वाटलं. आज वाटतं, मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण शेजाऱ्याकडून सावध राहायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पौषात म्हशाची जत्रा भरते. आम्हाला बैल घ्यायचा होता. घर टाकून सगळ्यांनी कसं जायचं, म्हणून आम्ही घुटमळत होतो. मास्तरच म्हणाले, "दादा, जा की सगळी. सूनबाईचं माहेर वाटेवर. दोन दिवस तिलाबी राहू दे. घर मी बघतो. गाय मी बघतो." गाय नुकती व्यालेली होती. मामंजी म्हणाले, "तू हायस म्हनून जातो रे."

आम्ही गेलो. जत्रेत फिरलो, बैल घेतला, घोंगडी घेतली. मामंजींनी एक घोंगडी जास्तीची घेतली, मास्तरांसाठी. मी माहेरी राहिले, पोटभर झोपले. परत आलो तेव्हा सांज झाली होती. गोठा झाडलेला, गाईपुढे वैरण, वासरू धष्टपुष्ट. ओटीवर दिवा लावलेला. चुलीपाशी मडक्यात दही लावून ठेवलेलं. मास्तर काही दिसले नाहीत, शहापूरला असतील म्हटलं. आम्ही भात टाकला आणि ते दही त्यावर घेऊन जेवलो. मामंजी म्हणाले, "घट लावलंय बघ विरजण. पुरुसाच्या हाताचं वाटत नाय." ते दही मला आजही आठवतं. गोड होतं.

सकाळी मी परसात गेले आणि उजेड जास्त वाटला. बांध उघडा पडला होता. एकूण एक ऐन तळातून तोडलेले. फांद्यासुद्धा नेलेल्या. भुशाचा लालसर सडा आणि बुंधे. त्या वर्षीचा टहाळ आमचा होता.

मी हाक मारली नाही. मामंजी माझ्या मागून आले. ते बांधावर गेले आणि एका बुंध्यावर बसले. कितीतरी वेळ हाताने तो कापलेला भाग चाचपत होते, जनावराच्या जखमेवरून फिरवतात तसा हात फिरवत.

मास्तर आले. अंगावर कोट होता. उभे राहिले.

"मधूला डेपोत लावला," ते म्हणाले. "शेठनं झाडं मागितली. बांध माझ्या हद्दीत येतो, दादा. मोजणीवाल्याला ईचार."

"मी मोजणीवाल्याला कशाला ईचारू?" मामंजी म्हणाले. "मला तू सांगायचं होतंस."

"तू नाय बोल्ला असतास."

"बोल्लो असतो नाय. भांडलो असतो. मंग पोराचं नाव काढलं असतंस तर मीच कुऱ्हाड घेऊन आलो असतो. पोरगा काय तुझ्या एकट्याचा हाय?" मामंजींचा आवाज चढला नाही. "आमाला जत्रेला धाडलंस रे मास्तर. गाय बघतो बोल्लास."

"गाय बघितली की," मास्तर म्हणाले.

हे वाक्य मला सहन झालं नाही. सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडत नसे, त्या दिवशी उघडलं. मी म्हटलं, "मास्तर, त्या नेबर शब्दाचं गाव तुमी कंचं सांगितलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडतील. रडले असते तर मी बहुतेक विरघळले असते. पण ते वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, शब्द जुने झाले की अर्थ बदलतात."

मग वळून गेले. पाठमोरा कोट जाताना दिसला आणि मला ते बुजगावणं आठवलं. कोट त्यांचाच होता, आत ते नव्हते. झाडं गेल्याचं दुःख मोठं होतं, पण झाडं तोडणारे पुष्कळ असतात. ज्याने त्या शब्दाचं गाव आम्हाला दाखवलं, त्यानेच तो शब्द आमच्या तोंडावर असा फेकावा, याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. जायलाही नको आहे.

जास्तीची घोंगडी मामंजींनी बैलाच्या पाठीवर टाकली.

त्या वर्षी राब धड भाजलाच नाही. लांबची थोडी झाडं होती त्यांच्यावर कोळशेवाल्यांची कुऱ्हाड आधीच पडलेली. आम्ही पातेरा वेचला, वाळकं शेण घातलं. धूर झाला, आच झाली नाही. आवण, म्हणजे भाताची रोपं, पिवळी आणि विरळ उठली. त्यांच्यापेक्षा तणच जोमात. लावणीला निम्मं खाचर रिकामं राहणार हे दिसत होतं आणि पावसाला थांब म्हणता येत नाही.

एका सकाळी आमच्या बाजूच्या बांधाखाली आवणाच्या मुठी ठेवलेल्या दिसल्या. काळ्याभोर, आमच्याच टहाळाच्या राबावर उठलेल्या, व्यवस्थित बांधलेल्या. मास्तर गाठ मारताना पेंढ्याचं टोक आत खोचायचे, तशीच गाठ. आमच्या ह्यांनी मुठी उचलायला हात घातला. मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

"बाबा, पोरं काय खातील?"

"नाचनी खातील. आपली आपन लावू तेवढी लावू."

मामंजींच्या जागी मी असते तर लावलं असतं, असं मला वाटलं. भाताने काय पाप केलं होतं? पण मामंजींच्या तोंडाकडे बघून बोलले नाही. मुठी पाण्यात तशाच पडून राहिल्या, पिवळ्या झाल्या, कुजल्या. त्यांचा वास मास्तरांच्या ओटीपर्यंत जात असणार. त्या वर्षी पोरांनी नाचणी आणि वरी खाऊन दिवस काढले. धाकटी भातासाठी रडायची. मास्तरांना ते ऐकू जायचं, कारण आमच्या घरात काय बोललं जातं ते त्यांना नेहमीच ऐकू जायचं.

मामंजींनी एकच काम नेटाने केलं. ऐन तोडला तरी मरत नाही, बुंध्यातून फुटवे येतात. पण शेळ्या ते कोवळे फुटवे ठेवत नाहीत. मामंजींनी प्रत्येक बुंध्याभोवती करवंदीचे काटे लावले. सुकले की नवे लावायचे. बांध कुणाच्या हद्दीत येतो, हे त्यांनी विचारलं नाही. मास्तर आपल्या ओटीवरून बघत असायचे. त्यांनी अडवलं नाही आणि मदतीलाही आले नाहीत. एकदा मात्र आमची माणसं वेशीकडे गेली असताना शेळ्या बांधावर चढल्या होत्या, आणि कुणीतरी त्यांना हाकलून काटे सारखे केले होते. कुणी, ते आम्ही विचारलं नाही.

फुटवे माझ्या डोक्यापर्यंत आले आणि मामंजी गेले. पहिला टहाळ त्यांनी पाहिला नाही.

लढाई संपली, कोळशाचा भाव उतरला, शेठने डेपो उचलला. मधूला कल्याणला कुठेतरी नोकरी लागली. मास्तरांची शाळेतली नोकरी संपली होती. त्यांनी जमीन खंडाने दिली आणि मुलाकडे जायचं ठरवलं, हे आम्हाला वाडीकडून कळलं. बांधापलीकडच्या माणसाची खबर वाडीकडून कळायची, इतकं अंतर आमच्यात पडलं होतं.

भावाला गाडीवर पोचवायला मी आटगाव स्टेशनात गेले होते. गाडीला वेळ होता. भाऊ तिकीट काढायला गेला. एका लोखंडी ट्रंकेवर मास्तर बसलेले दिसले. तोच कोट, आता कोपरावर विरलेला. मांडीवर फडक्यात बांधलेला शब्दकोश. पायात वहाणा होत्या. चालायचं संपलं होतं, म्हणून घातल्या असतील.

मला वळून जाता आलं असतं. गेले नाही. त्यांनी मान वर केली.

"बरी हायस काय, सूनबाई?"

"हाय."

"पोरं?"

"बरी हायत."

सिग्नल पडला. हमालाने त्यांची ट्रंक उचलायला हात घातला, म्हणून ते उठले. उठल्यावर माझ्या जवळ आले. मला वाटलं, आता माफी मागतील. मी इतकी वर्षं ती माफी नाकारायची तयारी करून ठेवली होती. माफी त्यांनी मागितली नाही.

त्यांनी विचारलं, "बांधावरचे ऐन आता तोडीला आले असतील. यंदाचं वरीस कोनाचं?"

मला विचार करावा लागला नाही.

"आमचं," मी म्हटलं. "तेच वरीस, मास्तर. अजून तेच चालू हाय."

गाडी कसाऱ्याकडून येताना ऐकू येऊ लागली. मास्तरांनी शब्दकोश छातीशी धरला, डावा डोळा किंचित मिटला आणि एकदाच मान हलवली.